पडण्याचं काम

"काका, परत हात आला."

दिग्दर्शिकेनं हे सातव्यांदा सांगितलं, तेही हळू आवाजात. धपकाका गादीवर पडल्या पडल्या छताकडे बघत राहिले. अंगात घट्ट काळा पोशाख, त्यावर जागोजागी चिकटवलेले चमकते मणी आणि चहूबाजूंनी त्या मण्यांवर डोळे रोखून असलेले चाळीस कॅमेरे.

"परत घेऊ," काका म्हणाले. "गुडघा जरा आखडलाय आज."

'रणरिंगण' हा मारामारीचा व्हिडिओ गेम. गोल मैदान, मध्ये खांब, भोवती भिंती. खेळणाऱ्यानं आपला लढवय्या हवा तिकडे पळवावा, समोरच्याला खांबावर आपटावं, भिंतीपलीकडे भिरकावावं. त्याचे पाच भाग निघाले होते. पाच भागांत एकसष्ट लढवय्ये, आणि त्यांतला प्रत्येक जण मार खाऊन पडायचा तो काकांच्या अंगानं; कॅमेरे मण्यांवरून काकांची हालचाल टिपायचे आणि तीच पडद्यावरच्या लढवय्यांना दिली जायची. ढेरपोट्या पहिलवान असो की तलवारवाली पोर, पडणं काकांचं. ठोसे मारायला वेगळी माणसं होती, उड्या मारायला आणि ताडकन उठायला एक कसरतपटू मुलगी यायची. काका सतरा वर्षं नुसते पडत आले होते. उताणे, पालथे, कुशीवर, जिन्यावरून. म्हणून तर सगळ्यांचे ते धपकाका.

पडताना माणसाचा हात आपोआप पुढे येतो. तो ज्याला रोखता येतो त्यालाच हे काम जमतं, कारण ठोसा लागून शुद्ध हरपलेला माणूस हात टेकत नाही. काकांना ते कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना जमिनीची भीतीच वाटायची नाही.

आठव्यांदा पडले. हात आलाच.

दिग्दर्शिकेनं त्यांना पडद्यापाशी नेलं. पडद्यावर चेहरा नसलेल्या दोन राखाडी आकृत्या. "ही पाचव्या भागातली, आणि ही आजची."

पहिली आकृती दोरीवरून ओलं कापड निसटावं तशी खाली आली. दुसरी पडण्याआधीच जमीन चाचपत होती.

"घाबरल्यासारखा दिसतोय की मी," काका हसत म्हणाले.

ती हसली नाही. "डॉक्टरांना दाखवलंत का?"

"गुडघ्याला कसला डॉक्टर?"

"गुडघा नाही काका. मघाशी येताना तुम्ही दोनदा भिंत धरलीत."

डॉक्टरांना दाखवून दोन महिने झाले होते. मेंदूचा तोल सांभाळणारा भाग हळूहळू सुकत चाललाय, डॉक्टर म्हणाले होते. आधी चाल जाईल, मग बोलणं. थांबवायला औषध नाही. काकांनी तो कागद चार घड्या करून कपाटात कपड्यांखाली सारला आणि बायकोला सांगितलं, जीवनसत्त्वं कमी पडलीत.

"सहाव्या भागात आपण जुनंच वापरू," दिग्दर्शिका म्हणाली. "तुमच्या पडण्याचे चार हजार तुकडे आहेत आपल्याकडे."

"म्हणजे पडणार मीच?"

"तुम्हीच."

"मग मी यायचं कशाला?"

पाठीवरचे मणी काढायचं काम मदतनिसाचं; त्या दिवशी ते तिनं स्वतः केलं, एकेक करून.

त्यानंतर तीन आठवड्यांनी काका न्हाणीघरात पडले. भर दुपार होती. बायको बाजारातून आली, पिशवी टेकवून तिनं दोनदा हाक मारली आणि मग दार ढकललं. काका फरशीवर कुशीवर पडले होते, अंगावर सूतही नव्हतं.

"कधी पडलात?"

"आत्ताच."

"बादलीतलं पाणी गार झालंय."

तिनं त्यांच्या काखेत हात घातले. "पायांनी जोर लावा ना!"

"लावतोय गं."

वीतभर उचलले गेले आणि दोघंही घसरली. दुसऱ्यांदा तेवढंही नाही. तिसऱ्या वेळी तिच्या कमरेत लचक भरली आणि ती तिथंच ओल्या फरशीवर बसली. धापा टाकत म्हणाली, "तुमचा तो जीवनसत्त्वांचा कागद वाचलाय मी. आणलात त्याच आठवड्यात."

"बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

नळ ठिबकत होता. तो घट्ट करायला दोघांपैकी कुणालाच उठवेना.

"वरच्या मजल्यावरच्या सुताराला बोलावते," शेवटी ती म्हणाली.

"थोडं थांब. जमेल मला."

"नाही जमत हो."

कशीबशी उठून तिनं फोन केला. सुतार पाच मिनिटांत येतो म्हणाला. तिनं टॉवेल आणून काकांचं अंग पुसलं, केस पुसले, वर चादर पांघरली.

"चादर नको," काका म्हणाले. "पँट दे."

"अहो, असं पडल्या पडल्या कशी चढवू?"

"तो उचलेल मला. हात लावेल. पँट दे."

ती घेऊन आली. दमट पायांना कापड चिकटत होतं. आधी एक पाय, मग दुसरा, मग त्यांना एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर वळवत तिनं पँट कमरेपर्यंत आणली. तेवढ्यात बेल वाजली.

"आले हं भाऊ, दोन मिनिटं!" ती आतूनच ओरडली.

काकांची बोटं बटणाशी झटापट करत होती, काजाच्या भलत्याच बाजूला. तिनं ती हळूच बाजूला केली. तिचीही बोटं ओली. बटण निसटत होतं.

बेल पुन्हा वाजली.

"राहू दे ना आता," ती म्हणाली. "वरून सदरा येईलच."

"नाही," काका म्हणाले. "लाव."

तिनं बोटं चादरीला कोरडी पुसली आणि पुन्हा त्यांच्यावर वाकली.