टिंगटिंगबाईंचा थांबा

सायकली दुरुस्त करणाऱ्या माणसाला खोटं बोलायची फारशी संधी मिळत नाही. ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडे खरं काय ते सांगून मोकळे होतात. म्हणूनच असेल कदाचित, या सायकलवाल्याने जन्मातलं सगळ्यात मोठं खोटं केलं, तेव्हाही तो बोलला काहीच नाही. नुसता उभा राहिला.

त्याचं असं झालं. ट्राम बंद पडून बरीच वर्षं लोटली होती. रुळांवर गवत माजलं होतं, लोक येता-जाता कचरा टाकत होते. शेवटी भागातल्या काही उत्साही मंडळींनी समिती काढली आणि ठरवलं, की रूळ उखडायचे आणि त्या मार्गावर चालण्यासाठी, सायकलींसाठी छान वाट करायची. मधल्या थांब्यावर तिकिटांची जुनी केबिन होती. ती सायकल दुरुस्तीच्या दुकानाला द्यायची होती आणि ती दोघांना हवी होती. एक हा, आणि दुसरा चौकातला शोरूमवाला, ज्याच्या काचेमागे सायकली दागिन्यांसारख्या टांगलेल्या असत. याचं दुकान म्हणजे घराच्या जिन्याखालची खोपटी. दोन सायकली आत आल्या की याला स्वतःला बाहेर बसावं लागे. केबिन शोरूमवाल्याला गेली तर आपला धंदा बसला, हे त्याला लख्ख दिसत होतं.

समितीची बैठक शाळेच्या हॉलमध्ये भरली. अध्यक्ष होत्या निवृत्त मुख्याध्यापिका. बोलता बोलता त्यांना भरून आलं. "या मार्गावरच्या कंडक्टर, आपल्या सगळ्यांच्या टिंगटिंगबाई! दोरी दोनदा ओढून अशी काही घंटा द्यायच्या, की झोपलेला माणूस जागा व्हायचा. ही वाट बघायला आज त्या आपल्यात नाहीत. आपण दोन मिनिटं उभं राहून त्यांना श्रद्धांजली वाहू या."

टिंगटिंगबाई ही सायकलवाल्याची आई. त्या घटकेला ती घरी पलंगावर बसून लसूण सोलत होती.

आता यात मुख्याध्यापिकांची फार चूक होती असंही नाही. पडून कंबरेचं हाड मोडल्यावर म्हातारीला या नव्या घरात खुर्चीत बसवून वर चढवलं होतं, ती पुन्हा खाली उतरलीच नव्हती. माणूस दिसेनासा झाला की लोक त्याला मनातल्या मनात उरकून टाकतात. चौकशी करायला कुणाला वेळ आहे?

सायकलवाल्याने तोंड उघडलं. पण तोवर खुर्च्या सरकल्या होत्या, माना खाली गेल्या होत्या. इतक्या गंभीर शांततेत 'अहो, ती जिवंत आहे' असं ओरडायचं म्हणजे त्याला कसंसंच वाटलं. दोन मिनिटं जाऊ देत, मग सांगू, असा विचार करून तोही उभा राहिला. सगळ्यांनी घातली म्हणून त्यानेही मान खाली घातली.

दोन मिनिटं संपली. मुख्याध्यापिकांनी डोळे पुसले. "त्यांचे चिरंजीव इथेच बसलेत. मला वाटतं, केबिन त्यांना द्यावी. बाईंचं स्मारकही होईल." टाळ्या पडल्या. शोरूमवाल्यानेसुद्धा वाजवल्या, वर जवळ येऊन याचा हात हातात धरला. सायकलवाला म्हणाला, "आभारी आहे." एवढंच म्हणाला हो बिचारा.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली.

"उद्या जाऊन सांगून या."

"सांगतो."

उद्या गेलं, परवा गेलं. केबिनला रंग लागला, तेव्हा तो सांगायचं साफ विसरला.

इकडे म्हातारीने भलतंच मनावर घेतलं होतं. तिचा पलंग मागच्या खिडकीशी होता आणि खिडकीतून सगळं काम दिसायचं. रूळ निघाले, खडी पडली, रोलर फिरला. ती वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत आणि दारापासून पलंगापर्यंत फेऱ्या मारायची. घाम पुसत म्हणायची, "उद्घाटनाच्या दिवशी मी त्या टोकाच्या पुलापर्यंत चालत जाणार. आयुष्य त्या मार्गावर उभ्याने काढलं रे मी. एकदा पायी चालून बघायचाय."

आधी हाच तिला म्हणायचा, "वा, आई! आज दोन फेऱ्या जास्त झाल्या." आता तिचा पाय जरा सरळ पडला की हा तोंड फिरवून खाली दुकानात जायचा.

त्याने पलंग आतल्या भिंतीला नेला. म्हणाला, खिडकीतून वारं लागतं. खिडकीला जाड पडदा लावला. म्हणाला, धूळ येते. मग एक दिवस त्याने वॉकर उलटा केला, चारही पायांचं रबर अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाला, "झिजलंय. घसरशील. नवीन बसवून आणतो." रबर चांगलं होतं. वॉकर जिन्याखाली जुन्या रिमांच्या मागे गेला आणि तिथेच राहिला.

म्हातारी रोज विचारायची, "झाला का रे?"

"माप मिळत नाहीये, आई."

गावभरच्या सायकली नीट करणारा आपला मुलगा, त्याला चार रबरी टोप्यांचं माप मिळत नाही. ती काय समजायचं ते समजली असावी. भिंत धरून चालायला लागली.

उद्घाटनाच्या दिवशी निघताना त्याने बायकोला विचारलं, "बाहेरून कडी लावलीस?"

"लावली," ती म्हणाली. खरं तर लावली नव्हती. विसरली, की विसरायचं ठरवलं, ते तिचं तिला ठाऊक.

थांब्यावर ही गर्दी! केबिनवर नवी पाटी, खाली टेबलावर म्हातारीचा गणवेशातला तरुणपणीचा फोटो, फोटोपुढे फुलं. मुख्याध्यापिका कात्री घेऊन फितीपाशी उभ्या. सायकलवाला इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या शेजारी. तेवढ्यात मागची माणसं बाजूला सरकायला लागली.

नव्या वाटेवरून म्हातारी येत होती. बायकोची जुनी सायकल दोन्ही हातांनी धरून, तिच्यावर सगळा भार टाकून, एक एक पाऊल. जिना ती बसत बसत उतरली होती, हे मागाहून तिच्या मळलेल्या साडीवरून त्याला कळलं. खाली वॉकर सापडला नसणार, मग हाताला लागली ती सायकल घेतली. तोंड लाल झालं होतं, आणि हसत होती. असं तोंडभर हसताना त्याने तिला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग तिला फोटो दिसला. नंतर पाटी. कंडक्टरची नजर ती. लांबूनच तिने वाचलं असणार. 'कै. टिंगटिंगबाई स्मृती थांबा.' हसू हळूहळू मावळलं.

"या आजी कोण?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. वर्षानुवर्षं याच बाईकडून रोज सकाळी तिकीट घेतलेल्या मुख्याध्यापिका या!

सगळे सायकलवाल्याकडे बघायला लागले. अजूनही सांगता आलं असतं.

"मावशी," तो म्हणाला. "आईची बहीण." आणि आवाज खाली आणून, "वय झालंय. कधी कधी काहीतरीच बोलते."

आवाज पुरेसा खाली आला नव्हता. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, केबिनकडे पाहिलं, आत नीट मांडलेल्या पाना-पकडींकडे पाहिलं. एका शब्दात तिला त्याला उताणा पाडता आला असता.

"अगदी बहिणीचा चेहरा आहे हो!" मुख्याध्यापिका गहिवरल्या. "बाईंबद्दल दोन शब्द बोलता का?"

म्हातारीने हँडल घट्ट धरलं.

"कामाला चोख होती," ती म्हणाली. "कितीही गर्दी असो, कुणाला मधेच उतरवलं नाही तिनं." जरा थांबली. "एक मुलगा होता तिला. तोही गेला."

लोक चुकचुकले. कुणी सायकलवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी डोळ्यांनीच 'चालायचंच' अशी खूण केली. म्हातारीला भ्रम झालाय, हे सगळ्यांना पटलं. मुख्याध्यापिकांनी फीत कापली. म्हातारी पुलापर्यंत गेलीच नाही. सायकल वळवली आणि आली तशी परत गेली. तिला धरून न्यायला सून धावली. मुलाला जाता आलं नाही. त्याचा फोटो काढायचा होता.

संध्याकाळी तो वर आला. म्हातारी पडदा बाजूला करून खिडकीशी खुर्चीत बसली होती. खाली वाटेवरून मुलं सायकली पळवत होती. तो दारातच थांबला. वॉकर त्याच्या हातात होता.

"आई," तो म्हणाला, "जेवून घे."

"मावशी म्हण."

"आई, चुकलं गं माझं. मी उद्याच जाऊन सांगतो."

"आणि केबिन?"

त्याने वॉकर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मग सवय कर," ती खिडकीबाहेरच बघत म्हणाली. "मी करतेच आहे."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. शोरूमवाला हातात फुलांचा गुच्छ घेऊन अभिनंदनाला आला होता. तो दारात थांबला, म्हातारीकडे पाहून नमस्कारासाठी वाकला आणि सायकलवाल्याकडे वळला.

सायकलवाल्याने वॉकर भिंतीला टेकवून ठेवला.

"मावशी," तो म्हणाला, "जेवून घे."