एकाच झाडाची सरकी

महागावजवळच्या इंदूबाईंचा देशी कापूस वेगळ्याच वंशाचा आहे, हे मी निकालाची खातरजमा न करताच सांगून बसले होते. प्रबंधासाठी मी अकरा गावांतल्या जुन्या सरकीची जनुकं तपासली. किती गट पाडायचे ते संगणकाला आपणच सांगायचं. तीन म्हटलं की तो मुकाट्यानं तीन पाडतो. तिसऱ्या गटात इंदूबाईंचं बियाणं एकटंच निघालं आणि मी हुरळून गेले. माझ्या शब्दावर त्यांच्या मुलानं, रोशननं, चार तासं, म्हणजे चार ओळी, देशीला सोडायचं कबूल केलं. बाकी शेतात बीटीची पाकिटं. २००६ साली कोण दुसरं काय लावत होतं?

वेचणीच्या दिवसांत पुन्हा नमुना घ्यायला गेले. सहज विचारलं, "मावशी, मागची सरकी किती झाडांची होती?"

"एकाच झाडाची! सगळ्यात चांगलं झाड होतं थे. पावण्याले कोणी किडकं देते काय वं?"

पन्नास बिया, सगळी सख्खी भावंडं! ती एकमेकांसारखी असणारच. संगणकानं एका झाडाच्या कुटुंबालाच वेगळा वंश ठरवलं होतं, आणि मी मान डोलावली होती.

या वेळी झाडागणिक एकच बी घेतली. किडकी बोंडं दाखवताना इंदूबाई ओशाळत होत्या. संगणकानं त्यांचं बियाणं इतर गावांच्या बियाण्यांतच मिसळलं; वेगळा गट उरलाच नाही. खोटं कशाला बोलू, निकालाचा जुनाच तक्ता ठेवावा असं मनात आलं. पण मे महिन्यात जाऊन सगळं सांगितलं.

इंदूबाई पदराशी चाळा करू लागल्या. मला फार वाईट वाटलं.

रोशन म्हणाला, "वेगळी नाही, त कायले ठेवाची? बाकीच्या दहा गावात हायेच न."

"नाही रे. या महिन्यात सगळीकडे जाऊन आले. कोणी विकली, कोणी ढोरांना घातली. सगळ्यांनी पाकिटं आणलीत."

"म्हंजे आता आपल्याच घरी राह्यली?"

मी हो म्हटलं. त्यानं सरकीची थैली जवळ ओढली.

"माय," तो म्हणाला, "चार तासं कमी पडतीन. सहा ठेवू."