महाराजांचा नळ आणि वाडीचा ओढा

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पाला हार घातला होता. पनवेलहून तळोज्याकडे जाताना लागते ती आमची टॉवरवाली सोसायटी, घरोघरी इंजिनीअर. ती सगळी विद्वान मंडळी हातात पेले घेऊन टाकीच्या एका नळापुढे रांगेत उभी होती. मीही होतो.

नळाशेजारी जलसिद्ध महाराज बसले होते. "वीज नको, मशीन नको," ते सांगत होते. "आम्ही टाकीला मंत्र दिला. क्वांटम स्पंदनांनी मैल्याचं तीर्थ झालं." मग त्यांनी स्वतःच एक पेला घटाघटा रिकामा केला. पाणी नितळ होतं. महाराज आल्यापासून टाकीचा वासही गेला होता. अध्यक्ष सुभाषराव तर हरखून गेले होते. मैला साफ व्हावा म्हणून टाकीत हवा सोडणारे ब्लोअर त्यांनी महिनाभर बंदच ठेवले होते. "सायन्स जिथे संपतं ना, तिथे हे स्टार्ट होतं," असं ते प्रत्येकाला ऐकवत होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर माधुरी पुढे आल्या. सोसायटीच्या उताराला कातकऱ्यांची वाडी आहे, तिथल्या पोरांना त्या तपासतात.

"वाडीतल्या चिंगीच्या अंगभर फोड उठलेत, ताप उतरत नाही. काल तिला ॲडमिट केलं," त्या म्हणाल्या. "तिथली सगळी पोरं ओढ्यात आंघोळ करतात. मला एक गोष्ट बघायचीय."

केकमध्ये घालतात तो हिरवा रंग त्यांनी बादलीत कालवला आणि आमच्या संडासांचं पाणी टाकीकडे जातं त्या चेंबरमध्ये ओतला. आम्ही नळाकडे डोळे लावून बसलो. बराच वेळ गेला, तरी पाणी नितळच.

"रंगसुद्धा पचवला," महाराज म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या.

तेवढ्यात चिंगीचा बाप शुक्रा गेटवर आला. वॉचमन त्याला अडवत होता.

"डाक्टरबाई, वढा हिरवागार झालाय," तो धापा टाकत म्हणाला. "पोरं पान्यात हायत. कुनी इख तं टाकलं नाय ना?"

"रंग खायचाच आहे, त्याला घाबरू नका," माधुरी म्हणाल्या. "पण पोरांना आधी बाहेर काढा."

वाडीत निरोप गेला, आणि माधुरींनी आम्हाला टाकीमागे नेऊन एक झाकण उचलायला लावलं. दुरुस्तीपुरता वापरायचा व्हॉल्व्ह सताड उघडा होता. सगळा मैला टाकीला बगल देऊन थेट ओढ्यात चालला होता. टाकीत काही जातच नव्हतं, मग वास येणार कुठून? महाराजांच्या नळाचा पाइप मात्र बोअरवेलला जोडलेला होता. महाराज आपल्या चपला शोधू लागले.

शुक्रा त्या वाहत्या घाणीकडे बघत राहिला. "म्हंजे ह्ये तुमच्या घरातलं हाय?" त्याने विचारलं. "आमी त्यातच पोरांना धुतो."

मला त्याच्याकडे बघवेना. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

व्हॉल्व्ह बंद झाला, ब्लोअर सुरू झाले, महाराजांना पोलिसांच्या ताब्यात दिलं. चिंगी अजून इस्पितळातच आहे.

घाण मंत्राने नाहीशी होत नाही. ती हवा, यंत्र आणि माणसाच्या मेहनतीने साफ करावी लागते. नाहीतर कुणाच्या तरी दारात जाते. कुणी ती गायब केली म्हणाला, तर कुठे गेली एवढं विचारा. आम्ही विचारलं नाही. आमच्या दारातून गेली, तेवढं आम्हाला पुरलं.