मावशींची बोटं

"फोटोत हात घाण दिसतात," असं म्हणत साहेबांनी मावशींपुढे रबराचे जाड हातमोजे टाकले.

तण वाढू नये म्हणून पिकाभोवती अंथरलेला आणि नंतर शेतांतून उपटून आणलेला प्लास्टिकचा काळा कागद आमच्या शेडमध्ये वितळवून त्याचे दाणे करतात. मी मशीनवर, मावशी निवडणीच्या टेबलावर, एकवीस वर्षं. हल्ली त्या ढिगात मातीत आपोआप कुजणारा कागदही येतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण मावशी दोन बोटांत चोळून तो बाजूला काढत. मला ते कधीच जमलं नाही. तो मशीनमध्ये गेला की सगळा दाणा फुगून वाया जातो.

साहेबांनी इथे आल्यापासून दोन वर्षांत त्या ढिगाला एकदाही हात लावला नव्हता. भाषण मात्र तासभर ठोकायचे.

"साहेब, मोजे घालून मला कागद कळायचा नाही."

"नाही कळला तर आभाळ कोसळणार आहे का? पाहुणे येतायत."

पाहुणे आले, नाकाला रुमाल लावून माना डोलावून गेले. मोजे तेवढे मावशींच्या हातांत राहिले. तिसऱ्या दिवशी मशीनमधून जळका वास आला आणि दाणा फुगून बाहेर पडला. साहेब मूठभर दाणे घेऊन टेबलाशी आले.

"एकवीस वर्षं काय झोपा काढल्यात?"

"मी तुम्हाला सांगितलं होतं."

"मला? कधी?" साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही इथेच असता. या काही म्हणाल्या होत्या?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

"मशीन चालू होतं साहेब," मी म्हणालो. "ऐकू नाही आलं."

मशीन त्या वेळी बंद होतं. एवढा वेळ मी साहेबांना नावं ठेवतोय, पण शेपूट घालण्यात मी त्यांच्याही वरताण निघालो. माझी मलाच किळस आली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर नवी बाई आली, तेच मोजे घालून. मावशींच्या हाती झाडू आला.

दुपारी झाडता झाडता त्या माझ्या मशीनपाशी थांबल्या. आत जायच्या ढिगातली एक पट्टी त्यांनी ओढली, न बघता दोन बोटांत चोळली आणि माझ्या पायाशी टाकली. मग मला पाय उचलायला लावून तिथली माती झाडली आणि पुढे गेल्या.