ही व्यक्ती कोण?

कर्वेनगरच्या त्यांच्या सोसायटीत गणपतीतल्या प्रश्नमंजूषेचे प्रश्न यज्ञेश्वर सरांनी एकतीस वर्षं काढले. उत्तराला ते कायम 'ही व्यक्ती' म्हणत. पहिली खूण अशी, की हुशारांनी छताकडे बघावं. शेवटची अशी, की चेअरमनलाही उत्तर यावं. तोवर व्यक्ती झाकलेली राहिली पाहिजे, एवढाच सरांचा हट्ट.

आता झाकली गेलेली व्यक्ती ते स्वतःच होते.

सकाळी स्मृतीच्या तपासणीत डॉक्टर श्यामलाबाईंनी सरांच्या बायकोला, कुसुमताईंना विचारलं होतं, "आजी, यजमानांचं नाव काय?"

कुसुमताईंनी पदर सारखा केला आणि जमिनीकडे बघितलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: नाव आठवत नाही.

"अहो, एकोणपन्नास वर्षांत तिनं माझं नाव घेतलेलं नाही," सर म्हणाले. "लग्नापासूनच आजारी धरायचं का तिला?"

"घेत नाहीत की आठवत नाही, हे मी कसं ओळखू?"

"मी ओळखतो," सर म्हणाले. परतताना रिक्षात मात्र त्यांनी एका कागदावर तीन खुणा लिहून काढल्या.

दुपारी त्यांनी बायकोसमोर खुर्ची मांडली आणि माइक असल्यासारखे खाकरले.

"पहिली खूण. ही व्यक्ती लोणी काळभोरला मुलगी बघायला गेली आणि पोह्यांत मीठ कमी आहे, असं भर बैठकीत म्हणाली."

"मीठ बरोबर होतं," कुसुमताई म्हणाल्या.

सरांनी कागदावर टिक केली.

"दुसरी खूण. ही व्यक्ती ओला टॉवेल दारावर टाकते."

"रोज! सांगून सांगून जीभ झिजली माझी."

आता फक्त सोपी खूण उरली होती. चेहरा नीट दिसावा म्हणून सरांनी चष्मा काढला.

"शेवटची. ही व्यक्ती आत्ता तुमच्यासमोर बसली आहे."

कुसुमताईंनी त्यांना बराच वेळ न्याहाळलं. चुकून दुसऱ्याची बेल दाबल्यावर माणूस दारावरची पाटी वाचतो, तसं. मग पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "ही खूण चुकली तुमची. ते आतल्या खोलीत आहेत. मोठ्यानं बोलू नका, त्यांना चुका खपत नाहीत."

एकतीस वर्षांत सरांच्या प्रश्नावर पहिल्यांदाच हरकत आली होती. त्यांनी कागदाची घडी घातली, खुर्ची जागेवर ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसले.

थोड्या वेळानं बाहेरून हाक आली. "अहो, गेले बरं का ते गृहस्थ. भारीच चौकस होते."

"बरं झालं," सर आतून म्हणाले.