नागिणीची हद्द

सानगडीच्या बाजारात त्या दिवशी भाजीपाल्यापेक्षा गर्दी पारावर होती. एकोडीचे घनश्याम महाराज आले होते. रुग्ण चार आणि बघणारे दीडशे. चौघांच्याही अंगावर पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा होता. त्याला नागीण म्हणतात, आणि तिच्याबद्दल एक गोष्ट गावात सगळ्यांना पाठ असते: तिचं तोंड आणि शेपूट जुळून अंगाला वेढा पडला की माणूस संपला.

महाराज हा वेढा पडू देत नसत. गेरूत भिजवलेलं सूत दोन चेले रुग्णाच्या अंगावर ताणून धरत, आणि महाराज ते चिमटीने उचलून सोडत. फट्. गळ्यापासून बेंबीपर्यंत सरळ लाल रेघ. रुग्णाला वळवून मणक्यावर दुसरी.

"आता इथून पलीकडं तुहं राज्य नाही," महाराज नागिणीला बजावत. "तलाठ्याची मोजणी चुकंल, माही चुकत नाही. इथं अपील नाही, तारीख नाही."

आणि गंमत अशी की नागीण खरंच रेघ ओलांडत नसे. कापडवाले लक्ष्मणराव दर बाजारी शर्ट वर करून जुने डाग दाखवत. "पाहा जी. बेंबीपाशी आली न थांबली. एक दाणा पलीकडं नाही."

मी नागपूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकले. शंभरातले शंभर प्रयोग यशस्वी झालेली प्रयोगशाळा मी पाहिलेली नाही. त्यामुळे पहिल्यांदा मला महाराजांचा हेवा वाटला, आणि मग संशय आला.

पण मी गंमत बघायला आले नव्हते. रांगेत माझी मोठी आई, म्हणजे थोरली काकू, देवकाबाई, उभी होती. आदल्या सकाळी तिच्या कपाळाच्या डाव्या बाजूला आग आग सुरू झाली, संध्याकाळपर्यंत फोड आले. आज एक फोड नाकाच्या शेंड्यावर होता आणि डावा डोळा लाल. मोठी आई कोशाच्या रेशमी साड्या विणते. मागावर तुटलेला धागा केसाहून बारीक असतो. तो तिला दिसतो, बाकी घरात कोणाला दिसत नाही.

"मोठी आई, आधी साकोलीला दवाखान्यात जाऊ."

"रेघ मारून घेतो न मंग जातो," मोठे बाबा मधेच म्हणाले. मोठे बाबा म्हणजे तिचे यजमान, बाबूलाल.

"मंग कधी?" मागून शेजारच्या विमलाकाकूंनी विचारलं. "महाराज तं म्हणतात, रेघ मारली का सात दिवस गोळी नाही, सुई नाही. नागीण खवळते."

सात दिवस. डोळ्याला तेवढा वेळ नव्हता. रांग पुढे सरकेपर्यंत मी बघ्यांत फिरले आणि जो भेटेल त्याला विचारत गेले: तुमची रेघ कुठे मारली होती? उत्तर एकच. मधोमध. पोट असो, छाती असो, मान असो, बरोब्बर मधोमध.

मग सोमाजी भेटले, बैलाचा कासरा धरून उभे.

"काका, तुम्हाला कधी नागीण झाली होती का?"

"झाली न. मागच्या धानाच्या टायमाले, बरगडीवर."

"रेघ कुठे मारली?"

"कायची रेघ? मले वाटलं मुंग्या डसल्या. माहा जावई आला तवा मालूम पडलं का नागीण होती म्हून. तवरिक सुकून गेली."

"आणि थांबली कुठे?"

सोमाजींनी बंडी वर केली. डाग मणक्यापासून निघाले होते आणि छातीच्या मधोमध संपले होते. रेघ नाही, महाराज नाही, आणि नागीण मात्र कायद्याने वागलेली.

मी रांगेत परतले, मोठ्या आईच्या कानात दोनच वाक्यं सांगितली. तेवढ्यात तिचा नंबर आला. चेल्यांनी सूत कपाळाच्या मधून नाकावरून हनुवटीपर्यंत ताणलं.

"थांबा जी महाराज," मोठी आई म्हणाली. "रेघ इथं नका मारू."

"मंग कुठं मारू?"

तिने डाव्या भुवईवर बोट ठेवलं. "इथं. आडवी. डोळ्याच्या वर."

महाराज हसले. "बाई, हद्द मधातच लागते."

"काहून?"

"नागिणीचा तसा नेम हाये."

"नेम तिचा हाये का तुमचा?" मोठी आई म्हणाली. "तुमचा असंल तं भुवईवर मारा. तिचा असंल तं ती आपल्या मनानंच मधात थांबते. मंग तुमी सूत कायले खराब करून राहिले?"

बघ्यांत कोणीतरी खिक्क केलं. महाराजांनी आवाज चढवला. "डोळ्यावर हद्द मारली तं नागीण उलटते. माणूस खपते."

"म्हंजे अर्धं तोंड वाचवता, न डोळा तिच्या हवाली? उजवी बाजू तं माही तशीबी चांगली हाये. मले डोळा पायजे. तुमच्याच्यानं होत नसंल तसं सांगा, साकोलीची बस उभी हाये."

सोमाजींनी मागून विचारलं, "महाराज, माह्यावाली तं बिनारेघीचीच थांबली. तिले कोणं सांगतलं असंल जी?" आता मात्र सगळा पार हसला. एक चेला सुद्धा हसला, आणि सूत ढिलं पडलं.

आम्ही बस पकडली.

साकोलीच्या डॉक्टर रिता मॅडमनी नाकाच्या शेंड्यावरचा फोड पाहिला आणि लगेच भंडाऱ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. फोन ठेवून म्हणाल्या, "नाकाच्या टोकाला जी नस जाते, तिचाच फाटा डोळ्यात जातो. तिथे फोड म्हणजे डोळ्याला धोका." मग त्यांनी विचारलं: साखर आहे का, किडनीचा त्रास, दुसऱ्या कुठल्या गोळ्या? रक्त तपासायला घेतलं आणि असायक्लोव्हिर लिहून दिलं.

"दिवसातून पाच वेळा. पाणी भरपूर प्यायचं. फोड सुकले तरी गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत."

"यानं नागीण मरते का?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"मरत नाही, तिची पिलावळ वाढायची थांबते. म्हणून पहिल्या तीन दिवसांत सुरू करायचं. नुकसान झाल्यावर गोळी काय करणार? तरी उशीर झाला म्हणून घरी बसू नका, यायचंच. डोळ्याजवळ असेल तर तासभरही थांबू नका."

त्यांनी सांगितलं ते सोपं आहे. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू अंगातून जात नाही, नसेच्या मुळाशी झोपतो. वय झालं, शक्ती कमी झाली की एका नसेवरून बाहेर येतो. नस शरीराच्या एकाच बाजूची असते आणि मधोमध संपते, म्हणून पुरळही तिथेच संपतो. ज्यांची प्रतिकारशक्ती फारच कमी झालेली असते त्यांना क्वचित अंगभर उठतो. त्यांनी तर आधी दवाखाना गाठायचा. वेढ्याने मात्र कोणी मरत नाही. महाराजांनी एवढंच केलं: नागीण जिथे थांबणारच होती, तिथे आधी जाऊन रेघ मारली. उद्या मी वैनगंगेच्या काठावर उभी राहून नदीला "इथून पलीकडे यायचं नाही" असं बजावलं, तर बहुतेक दिवस मीही महाराज ठरेन.

मोठ्या आईचा डोळा वाचला. कपाळ महिनाभर ठणकलं, त्याचं वेगळं औषध घ्यावं लागलं. पण धागा तिला अजून दिसतो.

म्हणून एवढंच म्हणणं आहे. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एक प्रश्न विचारावा: हा माणूस आला नसता तर काय झालं असतं? उत्तर 'हेच' असेल, तर नारळ घरी न्यावा, चटणी चांगली होते.

परवा विमलाकाकू ओठावर फोड घेऊन आल्या. "देवका, तुह्या त्या गोळ्या उरल्या असतीन तं दे वो दोन."

"उरल्याच नाही," मोठी आई मागावरून न उठता म्हणाली. "संपवाच लागतात. असत्या तरी नसत्या देल्या. माह्या मापाच्या होत्या त्या. पयले डॉक्टरले तोंड दाखव. आज जाय, उद्या नोको."