गोळी खरी आहे

नवरा जाऊन तेवीस दिवस झाले होते आणि चुंबकबाईला अजून एकदाही रडू आलं नव्हतं. शेजारच्या बायका येत, तिचा हात धरून बसत, तिच्या तोंडाकडे बघत, आणि शेवटी स्वतःच रडून घरी जात. ती त्यांना पाणी द्यायची. दूध उतू जायच्या आत गॅस बंद करायची, दाराला कडी लावायची, वेळेवर दात घासायची. दात काढण्याआधी डॉक्टर हिरडीला सुई देतात ना, तसं तिचं सगळं अंगच बधिर झालं होतं. आपल्याला काही होत कसं नाही, याचंसुद्धा तिला फारसं काही वाटत नव्हतं.

चुंबकबाई हे नाव नवऱ्यानेच ठेवलेलं. बाहेर ती मोठी संशोधक, लोक उठून उभे राहायचे. घरात मात्र "अगं ए चुंबकबाई, माझा चष्मा जरा ओढून आण!" ती चिडायची, आणि चष्मा आणून द्यायची.

आता हे चुंबकाचं प्रकरण काय ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. बाजारात खोट्या औषधांचा नुसता सुळसुळाट. वरून बघाल तर तोच रंग, तीच बाटली, तेच झाकण, आणि आत काय, तर खडूची भुकटी! तर या बाईने गंजासारखे कण बनवले, इतके बारीक की डोळ्यांना दिसायचे नाहीत, पण चुंबक धरलं की धावत येतात. प्रत्येक कणाला डीएनएचा एक तुकडा चिकटवला. हा डीएनए कुणा माणसाचा नव्हे हं, यंत्रावर जुळवलेला, प्रत्येक कंपनीचा वेगळा. कंपनीने तो गोळीच्या वरच्या थरात मिसळायचा. पुढे कधी शंका आली तर गोळी पाण्यात विरघळवायची, नळीला बाहेरून चुंबक लावायचं, काचेशी गोळा झालेले कण यंत्रात घालायचे. यंत्र त्या तुकड्याच्या कोट्यवधी नकला काढतं. पडद्यावर रेघ वर चढली की गोळी खरी, आडवी राहिली की खोटी. "पिंपभर पाण्यात चिमूटभर कण पडले तरी रेघ चढते," असं ती भाषणात सांगायची आणि लोक टाळ्या वाजवायचे.

नवऱ्याच्या पायात मागे एकदा रक्ताची गुठळी झाली होती. तेव्हापासून त्याला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या, दिवसातून दोनदा, आणि त्या कंपनीच्या गोळ्यांत हिचेच कण होते. मध्यंतरी नेहमीच्या दुकानातला माल संपला. मग धाकट्या दिराने स्कूटरवरून अख्खं शहर पालथं घातलं आणि कुठल्याशा लांबच्या दुकानातून एक बाटली पैदा केली. दहाबारा दिवसांनी नवऱ्याची कुरकुर सुरू झाली. "पाय पुन्हा जड वाटतोय गं. ही गोळी काही लागू पडत नाही. बघ तरी तुझ्या चुंबकाला विचारून."

तिने डबीतली एक गोळी कागदाच्या पुडीत बांधून प्रयोगशाळेत नेली. रेघ सरसर वर चढली. घरी येऊन तिने पर्स टेबलावर टाकली आणि म्हणाली, "गोळी खरी आहे. उगाच शंका काढू नकोस, घे गुपचूप. पुढच्या शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचंच आहे."

तो शुक्रवार उजाडलाच नाही. गुरुवारी सकाळी बूट घालता घालता तो खाली बसला तो बसलाच. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून धाकट्याने अन्न टाकलं होतं. तो एका छापखान्यात पुस्तकं बांधायचा, तिथे जाणंही सोडलं. रोज दुपारी यायचा, दाराजवळच्या स्टुलावर बसायचा आणि तेच ते विचारायचा.

"वहिनी, बाटली मी आणली होती."

"हो."

"दुकान अनोळखी होतं."

"भाऊजी, गोळी मी स्वतः तपासली होती."

"एकच तपासली होती ना? थोड्या खऱ्या, थोड्या खोट्या अशा मिसळून विकतात म्हणे." मग आवाज बारीक करून म्हणायचा, "मीच मारलं असेल का हो दादाला?"

तेविसाव्या दिवशी तिने डबी उघडली. सहा गोळ्या उरल्या होत्या. एवढ्याने हा माणूस जेवणार असेल तर हरकत काय, असं म्हणून तिने त्या पुडीत बांधल्या.

सहाही नळ्यांत रेघ चढली. तिने तिथूनच फोन केला. "भाऊजी, सहाच्या सहा खऱ्या आहेत." संध्याकाळी जाऊबाईंचा फोन, की आज पोटभर जेवले हो, आणि आडवे झाले ते अजून घोरताहेत. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. चला, एक काम झालं, असं चुंबकबाईला वाटलं, बिल भरल्यावर वाटतं तितपतच.

पण प्रयोगशाळेत एक फौजदार होती. यंत्र सांभाळणारी बाई, निवृत्तीला आलेली, नियमांच्या बाबतीत सख्ख्या बापाला सोडणार नाही अशी, म्हणून सगळे तिला फौजदार म्हणत. ती नोंदवही घेऊन आली.

"मॅडम, कोरी नळी लावलीत का?"

"लावली की. शुद्ध पाण्याची. रेघ आडवी आली."

"ते पाणी आपल्या इथलं. गोळ्या आल्या तुमच्या घरून. मग घरातली दुसरी कुठली वस्तू लावलीत?"

"घरातली कशाला?"

"तुमचाच नियम आहे. नमुना जिथून उचलला तिथलीच एक साधी वस्तू सोबत तपासावी. पान चार."

नियम तिचाच होता. गोदामांसाठी लिहिला होता, दुकानांसाठी लिहिला होता. आपलं घर त्यात येतं हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. तिने फौजदाराशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून चमचाभर साखर आणली आणि विरघळवून लावली.

रेघ चढली. गोळ्यांची चढली होती तितकीच उंच. यंत्राला विचाराल तर घरातली साखर ही रक्त पातळ करायची अस्सल गोळी होती. मग मीठ लावलं, तेही अस्सल. नवऱ्याच्या शर्टाचं बटण लावलं, तेही अस्सल.

गेलं वर्षभर त्या कंपनीच्या कणांची भुकटी हिच्याच हाताखाली तयार होत होती. हातमोजे असायचे, सगळं असायचं, पण ती केसांत बसली, बाह्यांत बसली, पर्सच्या शिवणीत बसली आणि रोज तिच्याबरोबर घरी आली. आणि दर रविवारी आठवड्याच्या गोळ्या बाटलीतून डबीत कोण भरायचं? हीच, आपल्या बोटांनी. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याने तिला तिचीच बोटं दाखवली होती आणि ती नवऱ्याला म्हणाली होती, घे गुपचूप.

पुढचं सगळं फौजदाराने हातात घेतलं. त्या लांबच्या दुकानातून दोन सीलबंद बाटल्या स्वतः आणल्या, नेहमीच्या दुकानातून एक. "तुम्ही बाहेर थांबायचं. दाराच्या कडीलासुद्धा हात लावायचा नाही," असं मॅडमना तोंडावर सांगितलं. चुंबकबाई बाहेर बाकावर अडीच तास बसली. समोरच्या भिंतीवर आग विझवायच्या सूचना होत्या, त्या तिने अनेकदा वाचल्या. नेहमीच्या दुकानाची रेघ चढली. लांबच्या दुकानाच्या दोन्ही बाटल्यांची आडवी, अगदी सपाट. फौजदार कागद घेऊन बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. "मी उगाच विचारलं," ती म्हणाली.

"नाही. बरोबर विचारलंत," चुंबकबाई म्हणाली, आणि तिने औषध निरीक्षकांना फोन लावला. दुपारपर्यंत दुकानाला टाळं लागलं.

आता राहिला धाकटा. न सांगून भागणार नव्हतं, उद्या पेपरात आलंच असतं. ऐकल्यावर हा पुन्हा अन्न टाकणार, कदाचित आणखी काही करून बसणार, याची तिला भीती वाटली. म्हणून घरी जाताना तिने वाक्यं जुळवली, कशामागून काय सांगायचं ते ठरवलं.

तो संध्याकाळी थेट कामावरून आला. नखांत खळ वाळलेली, चेहऱ्यावर जरा तरतरी. "वहिनी, चहा टाका ना," असं आपणहून म्हणाला. तिने त्याला बसवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. साखरेचं, बटणाचं, दोन बाटल्यांचं.

"औषध खोटं होतं. पण तुम्हाला ते कळायला काही मार्ग नव्हता, भाऊजी. मला होता. त्याने मलाच विचारलं होतं, आणि मीच त्याला खरी म्हणून सांगितलं. चूक माझी आहे. तुम्ही आता हे डोक्यातून काढून टाका."

धाकटा नखातली खळ खरवडत राहिला. तिला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तरी तिला चाललं असतं.

"तरीच," तो म्हणाला.

"तरीच काय?"

"दादा जायच्या आदल्या आठवड्यात, सोमवारी, त्याचा फोन आला होता. म्हणाला, माझा काही या बाटलीवर भरवसा नाही, दुसरी आण. मंगळवारी मी अर्धी सुट्टी टाकून आपल्या नेहमीच्या दुकानात गेलो. माल आला होता, बाटली हातात घेतली होती मी. तेवढ्यात त्याचाच फोन. राहू दे रे, म्हणाला, हिने तपासलीय, खरी आहे. मग ठेवली मी परत." त्याने मान खाली घातली. "तुम्हाला सांगितलं नाही. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, तरी आणायला काय झालं होतं."

तिने मनात मोजलं. मंगळवार ते पुढचा गुरुवार, नऊ दिवस. दिवसाला दोन, अठरा खऱ्या गोळ्या पोटात गेल्या असत्या.

"कसा बोलत होता?" तिने विचारलं.

"कसा म्हणजे?"

"फोनवर. कसा वाटत होता?"

"खुशीत होता," धाकटा म्हणाला. "हसत होता. म्हणाला, आता रात्री निवांत झोप लागेल, दोन रात्री उगाच घाबरून जागलो."

दोन रात्री तो तिच्या शेजारी जागा होता आणि ती झोपली होती. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. घशातून असा आवाज निघाला की धाकटा घाबरून उठून उभा राहिला.